स्थौल्यातील न्याहारी : ओट्स, यव आणि ज्वारी

प्रस्तावना

वजन उतरविण्याच्या इच्छेने येणारा रुग्ण हल्ली औषधाआधी एकच प्रश्न विचारतो, “सकाळी ओट्स घेऊ का?” औषधालयाच्या काउंटरवरही हाच प्रश्न येतो. उत्तर देताना आपल्यापैकी अनेकजण ओट्स म्हणजेच संहितेतील यव असे सांगून मोकळे होतात. लोहारा येथील चिकित्सेत आम्हीही काही काळ हेच सांगत होतो. ती चूक आमच्या कशी लक्षात आली व तिच्यातून कोणता बोध घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

द्रव्यनिश्चिती

यव म्हणजे जव किंवा सातू. ओट्स हे वेगळ्या प्रजातीचे धान्य असून त्याचे वर्णन संहितांत नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २१ व्या अध्यायात स्थूलासाठी गुरु व अपतर्पण आहार सांगितला आहे. मेदाने स्रोतसे अवरुद्ध झाली की वायू कोष्ठात संचार करून अग्नी प्रदीप्त करतो व भूक वाढते. म्हणून आहार पोट भरणारा, परंतु मेद न वाढविणारा हवा. तेथील धान्यांत यव, श्यामाक व कोद्रव यांच्यासह जूर्णाह्वही आहे. जूर्णाह्व म्हणजे ज्वारी, असा अर्थ घेतला जातो. म्हणजे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील जुनी भाकरी ही शास्त्रोक्त पथ्यच आहे.

ओट्सचे गुण

यव रूक्ष आहे. ओट्समध्ये मात्र स्नेहांश सुमारे ७ टक्के, म्हणजे ज्वारीहून बराच अधिक असतो आणि शिजल्यावर ते बुळबुळीत होतात. यावरून ते गुरु, स्निग्ध व पिच्छिल असावेत, असे आमचे अनुमान आहे. हा पिच्छिलपणा बीटा-ग्लुकन या विद्राव्य तंतूमुळे येतो व त्यामुळेच पोट भरल्याची भावना टिकते. हा तंतू यवातही आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली ओट्सविषयी जो दावा मान्य केला, तो रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन व हृद्रोगाचा धोका यांच्या संबंधाचा होता. वजन घटण्याचा नव्हे. ४० ग्रॅम ओट्समधून साधारण दीड ते दोन ग्रॅमच बीटा-ग्लुकन मिळते.

एक अनुभव

औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणारे एक गृहस्थ आमच्या सल्ल्यावरून तीन महिने ओट्स घेत होते. वजन घटण्याऐवजी वाढले. चौकशी केली असता कृती समजली : म्हशीचे दूध, साखर, एक केळे आणि वर गरम असतानाच घातलेला मध. ४० ग्रॅम ओट्सचे उष्मांक सुमारे १५०; या संस्कारानंतर वाटी साडेचारशेच्या पुढे गेली. अपतर्पणाच्या नावाखाली संतर्पण चालले होते. शिवाय उष्ण मध हा शास्त्राने निषिद्धच मानला आहे. दोष रुग्णाचा नव्हता. द्रव्य सांगून कृती न सांगणाऱ्या आमचा होता.

योजना

१. ज्वारीची एक मध्यम भाकरी, मुगाचे वरण किंवा पालेभाजी. अथवा ज्वारीच्या कण्या व पातळ ताक.

२. यव भाजून केलेले पीठ वा पेज. यव वात व मल वाढविणारा असल्याने वातप्रकृतीस अल्प मात्रेत, जिरे व सुंठीसह द्यावा.

३. ओट्सच हवे असल्यास साधे ३० ते ४० ग्रॅम कोरडे भाजून पाण्यात शिजवावेत. जिरे, आले व भाज्या घालाव्यात. दूध, साखर व मध टाळावा.

४. भूक नसताना केवळ वेळ झाली म्हणून न्याहारी घेऊ नये.

दक्षता

मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन चालू असलेल्या रुग्णाने अचानक न्याहारी घटविल्यास रक्तशर्करा धोकादायकरीत्या उतरू शकते. मूळ चिकित्सकाशी विचारविनिमय करूनच बदल करावा. थायरॉइडची गोळी व तंतुमय न्याहारी यांत अर्धा ते एक तास अंतर असावे. गव्हातील ग्लुटेन न सोसणाऱ्या रुग्णास यव देऊ नये, कारण त्यातही ग्लुटेन असते; ओट्समध्येही गव्हाची भेसळ संभवते. अशांस ज्वारी योग्य.

औषधालय चालकांना विनंती की, मसालायुक्त वा गोड तयार पाकीट देण्यापूर्वी त्यावरील साखर व मिठाचे प्रमाण ग्राहकास वाचून दाखवावे, आणि जव मागणाऱ्यास ओट्स देऊ नयेत.

उपसंहार

उपरोक्त गृहस्थांची न्याहारी भाकरी-वरणावर आणली, पाळीच्या वेळेनुसार जेवण ठरविले व रोज चालणे सुरू केले, तेव्हा वजन हळूहळू उतरू लागले. एका रुग्णावरून सिद्धान्त होत नाही, हे आम्ही जाणतो. तथापि प्रत्येक स्थूल रुग्णाच्या कमरेचा घेर मोजावा (पुरुषांत ९०, स्त्रियांत ८० सें.मी. ही मर्यादा) आणि न्याहारीची संपूर्ण कृती विचारून केसपेपरवर नोंदवावी. धान्याचे नाव सांगणे सोपे आहे; मात्रा, संस्कार व काल सांगणे हे वैद्याचे काम आहे.