लॅपटॉप घेताना सल्ला कोणाचा व कसा घ्यावा?



कुंभाराकडे मडके घेण्यास गेलेला मनुष्य ते बोटांनी वाजवून पाहतो. आंबा हुंगून घेतो. कापडाचा पोत चिमटीत धरून पाहतो. ज्या वस्तू आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या हाताळल्या, त्यांची पारख घरातल्या घरात आपोआप शिकविली जाते. लॅपटॉप ही वस्तू मात्र तशी नव्हे. १९८१ साली ऑस्बॉर्न १ नावाचा संगणक विक्रीस आला. उचलून नेता येण्याजोगा असे त्याचे वर्णन होई. पण वजन सुमारे ११ किलो, पडदा अवघा ५ इंचांचा आणि आत बॅटरी मुळीच नाही! तेव्हापासूनचा सारा इतिहास अर्ध्या शतकाहूनही कमी काळाचा आहे. त्यामुळे आपल्या बहुतेक घरांत या वस्तूची पारख असलेले वडीलधारे माणूस नसते, आणि आपणांस दुसऱ्याचा सल्ला घ्यावा लागतो. तो सल्ला कसा घ्यावा, हे आज सांगावयाचे आहे. परंतु त्याआधी मी स्वतः दिलेल्या एका सल्ल्याची हकीकत सांगणे मला प्राप्त आहे.

तीन वर्षांपूर्वी आपल्याच शाळेतून दहावी उत्तीर्ण झालेला एक विद्यार्थी आईसह माझ्याकडे आला. त्यास तंत्रनिकेतनात स्थापत्य शाखेस प्रवेश मिळाला होता. आई खानावळ चालवून घर सांभाळी. भिशीचे पैसे नुकतेच हाती आले होते. "सर, कोणता लॅपटॉप चांगला?" एवढेच त्याने विचारले. मी क्षणाचाही विचार न करता, मी स्वतः वापरीत असलेल्या यंत्राची स्तुती केली. ते हलके होते, स्वस्त होते. प्रश्नपत्रिका व गुणपत्रके त्यावर उत्तम होत. त्यांनी तसाच लॅपटॉप घेतला.

दिवाळीनंतर त्याची आई बाजारात भेटली. "सर, तुमच्या शब्दाखातर घेतला हो आम्ही. पण त्याचे नकाशे त्यावर होत नाहीत म्हणतो. रोज कॉलेज सुटल्यावर तिथल्याच संगणकावर बसतो, रात्री उशिरा येतो." तिच्या बोलण्यात राग नव्हता, असता तर मला बरे वाटले असते. त्या यंत्रात रॅम ४ जीबी होती व ती मूळ पाटीवरच डाख देऊन बसविलेली असल्याने वाढविता येण्यासारखी नव्हती. साठवणीची जागा केवळ ६४ जीबी होती. यंत्रात बिघाड नव्हता, दुकानदाराने फसविले नव्हते, म्हणून वॉरंटीचाही उपयोग नव्हता. चूक सर्वस्वी माझी होती. "तुला त्यावर काय करावयाचे आहे?" हा एक प्रश्न मी विचारला नाही.

यावरून पहिला धडा असा की, "सर्वांत चांगला लॅपटॉप कोणता?" या प्रश्नास उत्तरच नाही. सल्ला मागण्यास जाण्यापूर्वी एका कागदावर पाच गोष्टी लिहाव्या. पहिली, अभ्यासक्रमात कोणते सॉफ्टवेअर वापरावे लागेल. दुसरी, यंत्र किती वर्षे चालावयास हवे. तिसरी, ते रोज खांद्यावर न्यावयाचे की घरीच ठेवावयाचे, आणि घरी वीज किती वेळ जाते. चौथी, एकूण रक्कम किती. तीत पिशवी, माउस वगैरेंचा खर्च धरून. पाचवी, त्या कंपनीचे दुरुस्ती केंद्र आपल्या गावापासून किती अंतरावर आहे. जो सल्लागार हा कागद न वाचताच एखादे नाव सांगतो, तो तुमच्या गरजेविषयी नव्हे, स्वतःच्या आवडीविषयी बोलतो, असे खुशाल समजावे.

दुसरा धडा, सल्ला कोणास विचारावा हा. प्रथम त्या विषयाच्या प्राध्यापकांस. नंतर त्याच शाखेत एक वर्ष पुढे असलेल्या विद्यार्थ्यास. आणि त्यानंतर दुरुस्ती करणाऱ्या कारागिरास, कारण कोणत्या यंत्राचा बिजागर तुटतो व कोणाचे सुटे भाग मिळत नाहीत, हे त्यास ठाऊक असते. दुकानदाराचा सल्लाही टाकाऊ नव्हे. परंतु त्यास शिल्लक मालही खपवावयाचा असतो, हे ध्यानी ठेवावे.

आता सल्लागाराची भाषा समजण्यापुरते थोडेसे ज्ञान. अभ्यासाची खोली डोळ्यांपुढे आणा. प्रोसेसर हा अभ्यास करणारा विद्यार्थी. रॅम हे त्याचे मेज. आणि एसएसडी हे पुस्तकांचे कपाट. मेज लहान असेल तर हुशार विद्यार्थ्यासही दर घटकेस उठून पुस्तके कपाटात ठेवावी व काढावी लागतात. लेखन-वाचनास ८ जीबी रॅम पुरे. नकाशे, चित्रे वा मोठे प्रोग्रॅम करावयाचे असल्यास १६ जीबी असावी. रॅम पुढे वाढविता येते काय, हे पैसे देण्यापूर्वीच विचारावे. जुन्या फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कपेक्षा एसएसडी पुष्कळ वेगवान असते; तीत हलणारा भाग नसल्याने धक्क्याचे भयही कमी. ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये सुमारे ४७६ जीबी दिसते; ती फसवणूक नव्हे. कारखानदार हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, इतकेच.

जुने यंत्र स्वस्तात घेणाऱ्यांनी विशेष सावध राहावे. "आय ७ आहे, आय ३ पेक्षा श्रेष्ठ," असे सांगितले जाते. पण पुढच्या अंकांवरून पिढी कळते. आय ७-७५००यू हा २०१६ सालचा, सातव्या पिढीचा व दोन गाभ्यांचा प्रोसेसर होय. आय ३-१२१५यू हा २०२२ सालचा, बाराव्या पिढीचा व सहा गाभ्यांचा. येथे धाकटे नाव थोरल्यास मागे टाकते. शिवाय विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने मान्य केलेल्या प्रोसेसरांच्या यादीत तो जुना आय ७ नाही.

बॅटरीविषयी तुमचे भौतिकशास्त्रच उपयोगी पडेल. सरासरी १० वॅट शक्ती खर्च करणारे यंत्र ५० वॅट-तासांच्या बॅटरीवर सुमारे ५ तास चालेल. जाहिरातीतील तासांऐवजी वॅट-तास विचारावे. पडदा १९२० गुणिले १०८० बिंदूंचा असावा. त्याहून कमी बिंदूंचा असल्यास बारीक अक्षरांनी डोळे शिणतात. दुकानात चार ओळी टंकून पाहाव्या, आणि पक्के बिल घेतल्यावाचून दुकानाची पायरी उतरू नये.

तो विद्यार्थी यंदा पदविका घेऊन बाहेर पडला. कॉलेजच्या संगणकावर बसूनच त्याने सारे नकाशे पूर्ण केले. त्याचा लॅपटॉप आता धाकटी बहीण वापरते. ती कला शाखेत आहे. निबंध व टिपणे त्यावर लिहिते, आणि तिची काही तक्रार नाही. यंत्र तेच, भावास निरुपयोगी ठरलेले बहिणीस पुरेसे झाले.

अलीकडे कोणी सल्ला विचारण्यास आल्यास मी प्रथम त्याच्यापुढे कोरा कागद व पेन्सिल ठेवतो. काहींना त्याचा राग येतो. परंतु ज्या पैशांमागे कोणाच्या तरी आईचे चुलीपुढचे दिवस आहेत, ते खर्च होण्यापूर्वी पाच ओळी लिहिण्याचे श्रम जास्त नव्हेत. तुम्हीही त्या लिहा. आणि उद्या तुम्हांस कोणी सल्ला विचारला, तर उत्तर देण्याआधी प्रश्न विचारावयास विसरू नका.