ट्रॅक्टरची बॅटरी वारंवार उतरते? आधी रेग्युलेटर तपासा

मृगाचा पाऊस पडतो, शेताला वाफसा येतो आणि नेमका त्याच सकाळी ट्रॅक्टर सुरू होत नाही. नांदेड व लातूर जिल्ह्यांत सोयाबीन, मूग, उडदाची पेरणी वाफशावरच साधावी लागते. घाईघाईने नवी बॅटरी आणली जाते आणि वर्षभरात तीही बसते. अशा वेळी दोष पुष्कळदा बॅटरीचा नसून चार्जिंगचा असतो.

चार्जिंग कसे होते?

इंजिनवरील पट्टा अल्टरनेटर फिरवितो. इंजिनचा वेग वाढला की व्होल्टेजही वाढू पाहतो. चारीचे दार जसे पाणी आवरते, तसा रेग्युलेटर रोटरला मिळणारा विद्युतप्रवाह कमी-जास्त करून व्होल्टेज मर्यादेत ठेवतो. व्होल्टेज कमी राहिल्यास बॅटरी अर्धवट भरते व प्लेटांवर सल्फेटचा कठीण थर बसतो. जास्त झाल्यास पाणी उडते, बॅटरी तापते आणि प्लेटा झिजतात.

तपासणी

साध्या मल्टिमीटरने १२ व्होल्ट बॅटरीच्या दोन्ही टोकांवर पुढीलप्रमाणे मोजणी करावी.

१) रात्रभर ट्रॅक्टर उभा ठेवून सकाळी : १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे सुमारे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे बरीच उतरलेली.

२) इंजिन मध्यम वेगाने १५ ते २० मिनिटे चालवून, दिवे बंद ठेवून : १३.८ ते १४.४ व्होल्ट.

३) त्याच वेगावर दिवे लावून : व्होल्टेज साधारण १३.५ च्या आसपास टिकावा.

दुसऱ्या मोजणीत व्होल्टेज १३ च्या आसपासच राहिल्यास प्रथम पट्ट्याचा ताण पाहावा, टर्मिनलवरील पांढरा-हिरवा थर गरम पाण्याने धुवावा व जोडण्या घट्ट कराव्यात. तरीही फरक न पडल्यास अल्टरनेटर व रेग्युलेटर जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावा. व्होल्टेज १४.८ च्या वर जात असल्यास रेग्युलेटर बिघडला असे समजावे. वारंवार पाणी कमी होणे व दिव्यांचे बल्ब उडणे ही त्याचीच लक्षणे होत.

उन्हाळ्यातील काळजी

तापमान १० अंशांनी वाढले की बॅटरीला सुमारे ०.२ ते ०.३ व्होल्ट कमी लागतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर असतो. त्यात इंजिनची उष्णता. म्हणून हिवाळ्यात चालणारा १४.४ व्होल्ट उन्हाळ्यात जास्त ठरतो. या दिवसांत दर पंधरवड्याला पाण्याची पातळी पाहावी. प्लेटा बुडालेल्या असाव्यात. फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. बोअरच्या पाण्यातील क्षार प्लेटा खराब करतात. ॲसिड वरून घालू नये.

हे टाळावे

- इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढू नये. डायोड व रेग्युलेटर जळू शकतात.
- ट्रॅक्टरवर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरी सोडवावी.
- वायर काढताना आधी ऋण टोक सोडवावे. जोडताना ते शेवटी जोडावे.
- चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो. बॅटरीजवळ बिडी, काडी पेटवू नये.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात या तिन्ही मोजण्या घेऊन तारखेसह वहीत लिहून ठेवाव्यात. दोष त्या वेळी सापडला तर दुरुस्तीला सवड मिळते. पेरणीच्या दिवशी सापडला तर वाफसा हातचा जातो.