कर वाचला का, सर?

साताऱ्याच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांची नोकरीतली सवय पेन्शनीतही सुटली नव्हती. मार्च आला की कर वाचवायची गुंतवणूक करायची. मार्च २०२५ मध्ये त्यांनी दीड लाखाची पाच वर्षांची करबचत एफडी केली. दिवाळीनंतर पत्नीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा सर पावती घेऊन बँकेत गेले. काउंटरवरच्या मुलीने पावतीवरच्या बारीक अक्षरांतल्या ओळीवर बोट ठेवलं. ही ठेव मुदतीआधी मोडता येत नाही, तारण ठेवून कर्जही मिळत नाही.

"असू दे, निदान कर तरी वाचला," सर म्हणाले.

तोही वाचला नव्हता. सरांचं पेन्शन वर्षाला ५,४०,००० रुपये, बँकेचं व्याज १,३०,०००. आपण वेगळी निवड केली नाही, तर २०२३-२४ पासून नवीच करप्रणाली लागू होते. तिच्यात पेन्शनमधून ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन उत्पन्न उरलं ५,९५,०००. त्या वर्षी ७ लाखांपर्यंत कर माफ होता. एफडी केली नसती तरी कर शून्यच! शिवाय नव्या प्रणालीत अशा एफडीवर मिळणारी ८०सीची वजावट नाहीच. मेडिक्लेमची ८०डी आणि ज्येष्ठांच्या व्याजावरची ५०,००० ची ८०टीटीबीही नाही. म्हणून कुणी "कर वाचेल" म्हणालं, की ज्येष्ठांनी आधी विचारावं, कुठल्या प्रणालीत?

२०२५-२६ साठी माफीची मर्यादा १२ लाख झाली. बहुतेक पेन्शनरांनी आता वजावटींसाठी पैसे अडकवण्याचं कारणच नाही. (शेअर विकून झालेला नफा मात्र या माफीत बसत नाही.) उत्पन्न त्याहून जास्त असेल, तर जुन्या प्रणालीचा हिशोब जरूर मांडून पाहावा. तिथे साठीनंतर ३ लाख आणि ऐंशीनंतर ५ लाख करमुक्त. मेडिक्लेम नसलेल्या ज्येष्ठांचा औषधोपचाराचा खर्चही ५०,००० पर्यंत ८०डीत धरता येतो; तो रोखीने केलेला नसावा, एवढंच.

सरांचा टीडीएसही कापला गेला होता, पूर्ण व्याजावर १० टक्के, म्हणजे १३,००० रुपये. कर शून्य असणाऱ्या ज्येष्ठांनी एप्रिलमध्येच प्रत्येक बँकेत तसं जाहीर करणारा फॉर्म (२०२५-२६ पर्यंत १५एच) द्यावा, म्हणजे ही कपात टळते. कापलेले पैसे सरांना परत मिळाले ते विवरणपत्र भरल्यावर. ते भरणं त्यांना तसंही बंधनकारक होतं, कारण कर शून्य असला तरी उत्पन्न मूळ ३ लाखांच्या मर्यादेपलीकडे होतं. २०२५-२६ साठी ही मर्यादा ४ लाख आहे.