हजार कोअर, मग वेग हजारपट का नाही?

प्रश्न : पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या (आयआयटीएम) महासंगणकात हजारो कोअर, म्हणजे गणित करणारे स्वतंत्र भाग, एकदम चालतात. मग हवामानाचा प्रोग्राम हजारो पटींनी लवकर संपतो का?

उत्तर : नाही संपत. पंगतीत वाढपी कितीही वाढवले तरी भात शिजायला लागतो तेवढा वेळ लागतोच. प्रोग्राममध्येही काही कामं एकामागून एकच करावी लागतात. अशी कामं ५ टक्के असली, तर लाख कोअर जोडूनही वेग वीसपटीपलीकडे जात नाही. संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली हा मुद्दा मांडला.

त्याहून मोठी कटकट शेजाऱ्यांची. नकाशावर चौकटी आखून प्रत्येक कोअरला एकेक तुकडा वाटून देतात. पण काठावरच्या चौकटीतलं पुढचं हवामान शेजारच्या तुकड्यातल्या वाऱ्यावर ठरतं, म्हणून गणिताच्या दर पायरीला काठाचे आकडे एकमेकांना कळवावे लागतात. १०० बाय १०० चा तुकडा घ्या : १०,००० चौकटींपैकी काठावर ३९६, म्हणजे जेमतेम ४ टक्के. तुकडा १० बाय १० चा केला की १०० पैकी ३६ काठावर! कोअर वाढवावेत तसं गणित कमी आणि निरोपच जास्त. यावरची एक युक्ती मला फार आवडते. काठाचे आकडे आधी रवाना करायचे आणि ते पोचेपर्यंत आतल्या चौकटींचं गणित उरकून घ्यायचं, म्हणजे वाट बघण्यात वेळ जात नाही.

शिवाय आभाळ सगळीकडे सारखं नसतं. कोकणावर ढग दाटलेत आणि मराठवाडा कोरडा आहे, तर ढगांच्या तुकड्याचं गणित लांबतं आणि बाकीचे कोअर ताटकळतात. म्हणून एकाच कोअरला दूरदूरचे लहान तुकडे देतात, काही ढगाळ, काही निरभ्र.

एवढी खटपट कशासाठी? चौकटी बारीक करता याव्यात म्हणून. चौकटीची बाजू निम्मी केली की चौकटी चौपट होतात, काळाची पायरीही बहुधा निम्मी करावी लागते, म्हणजे काम सुमारे आठपट. आपल्याकडे हवामानाचा अंदाज मे २०२५ मध्ये भारत फोरकास्ट सिस्टीममुळे १२ किलोमीटरच्या चौकटींवरून ६ किलोमीटरवर आला. पेरणीच्या तोंडावर असलेल्या शेतकऱ्याला जिल्ह्याचा नव्हे, आपल्या शिवाराचा पाऊस कळायला हवा, आणि तोही वेळेत.

तुमच्या लॅपटॉपवर एखादा समांतर प्रोग्राम आधी एका, मग दोन, मग तीन, मग चार कोअरवर चालवा आणि प्रत्येक वेळी लागलेले सेकंद लिहून ठेवा. चौथ्या कोअरने किती वेळ वाचवला, ते लगेच दिसेल.