मागूर माशाची ओळख व नर-मादीची पारख

उन्हाळ्यांत शेततळ्याचें पाणी कमी झालें म्हणजे रोहू व कटला यांचा निभाव लागत नाहीं. मागूर मात्र तगून राहतो. कल्ल्यांजवळ असलेल्या झाडाच्या फांद्यांसारख्या जादा श्वसनेंद्रियामुळें तो वरची हवा घेऊं शकतो. म्हणून आष्टीसारख्या कमी पाण्याच्या प्रदेशांत तो उपयोगी आहे. परंतु त्याच नांवाखालीं आफ्रिकी मागूर विकला जातो. तो इतर मासे फस्त करतो, म्हणून भारत सरकारनें २००० सालीं त्याच्या पालनास बंदी घातली. आष्टीच्या शिवारांतील ओढ्यांचें पाणी शेवटीं नदीस मिळतें. तेव्हां एका तळ्यांतील चूक सर्व नदीस भोंवते.

ओळख : दोहोंच्याही अंगावर खवले नसतात, मिशांच्या चार जोड्या असतात व पाठीवरील पर लांब असतो. (शिंगीचा हा पर अगदीं लहान असतो.) भेद कवटीच्या मागील कडेवरून करावा. देशी मागुराची कडा मध्यें एकच टोक काढते. आफ्रिकीची तीन भागांची, लाटेसारखी असते. मोठ्या आफ्रिकी माशाच्या अंगावर संगमरवरी ठिपके व डोक्याखालीं दोन काळसर पट्टे दिसतात. तो एक मीटरहून अधिक वाढतो. देशी मागूर सहसा दीड फुटाच्या आंत राहतो. पिलांत या खुणा नीट दिसत नाहींत. म्हणून बीं खात्रीच्या केंद्रांतून पावती घेऊनच आणावें.

नर-मादी : मासा वर्षाचा झाल्यावर, पावसाळ्यांत पारख करावी. छातीच्या परांचे कांटे सांभाळून तो ओल्या फडक्यांत धरावा व उलटा करावा. गुदद्वारामागील मांसल उंचवटा नराचा लांबट व टोंकदार असतो. मादीचा आखूड, गोल, बटणासारखा असतो. पिकलेल्या मादीचें पोट मऊ व फुगीर असतें आणि हलक्या दाबानें अंडीं बाहेर येतात. नराचें वीर्य मात्र दाबानें निघत नाहीं. तेवढ्यावरून त्यास कच्चा समजूं नये व पोट पिळूं नये.

संशयित मासा ओढ्यांत सोडूं नये. मत्स्यव्यवसाय खात्यास कळवावें.