एकदाच मिळणारा विश्वचषक

(बी. ए., द्वितीय वर्ष)

खेळाडूचे मैदानावरील आयुष्य अल्प असते, हे आपण जाणतोच. पण ज्या विश्वचषकात खेळाडूला जन्मात एकदाच उतरता येते, त्यातून परतल्यावर त्याने करावे काय? याचे एक उत्तर आपल्या नागपुरातच सापडते.

२००१ साली हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना झोपडपट्टीतील काही मुले भर पावसात फुटक्या बादलीला लाथा मारून खेळताना दिसली. सरांनी त्यांना फुटबॉल दिला. त्यातूनच झोपडपट्टी फुटबॉलची चळवळ उभी राहिली. 'स्लम सॉकर' या नावाने ती जगाला ठाऊक झाली व २०१६ साली तिला फिफाचा विविधता पुरस्कार लाभला. 'झुंड' (२०२२) हा चित्रपट याच कार्यावरून स्फुरलेला आहे.

बेघरांचा विश्वचषक २००३ साली ऑस्ट्रियातील ग्राझ येथे सुरू झाला. त्यात गोलरक्षकासह चार खेळाडू असतात, सामना सात-सात मिनिटांच्या दोन भागांत होतो आणि मैदान अवघे २२ बाय १६ मीटरचे असते. दरवर्षी नव्या माणसांना संधी मिळावी, म्हणून कोणालाही दुसऱ्यांदा खेळता येत नाही.

२०१० साली रिओ येथील स्पर्धेत भारताचे कर्णधार होते नागपूरचे अखिलेश पॉल. कोवळ्या वयात आपण गुन्हेगारीच्या वाटेला लागलो होतो, हे त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितले आहे. स्पर्धा संपली, परंतु त्यांनी मैदान सोडले नाही. ते वस्तीतील मुलांचे प्रशिक्षक झाले. सरावाला न येणारा मुलगा कोठे भटकत असेल, हे अशा प्रशिक्षकाला पुस्तकात शोधावे लागत नसणार. माझ्या मते हीच त्यांची खरी पात्रता होय.

विद्यार्थिमित्रहो, नरखेड तालुक्यातील आपल्यापैकी पुष्कळांच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारे आपणच पहिले. आईबाप संत्र्याच्या बागेत राबतात, तेव्हा आपली फी भरली जाते. आपण पदवी घेऊन शहरात निघून गेलो, तर पाडलेली वाट पुन्हा बुजेल. २२ बाय १६ मीटर जागा गावच्या शाळेच्या पटांगणातही निघते. रविवारचे दोन तास आणि एक चेंडू, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. फुटबॉल येत नसेल, तर दहावीचे गणित शिकवावे. आपल्यामागून येणाऱ्याचा हात धरणे महत्त्वाचे!