मोरचूद आणि तळ्यांतील शेवाळ

तळें हिरवें झालें कीं मोरचुदाचें पोतें होडीमागें बांधून पाण्यांतून ओढावें, हा उपाय १९०४ सालीं अमेरिकेंत मूर व केलरमन यांनीं पुढें आणला. उपाय खरा, परंतु तांबें उपद्रवी व निरुपद्रवी शेवाळांत भेद करीत नाहीं. भातखाचरांतील नीलहरित शेवाळ हवेंतील नत्र धरून ठेवतें, हें डे या भारतीय शास्त्रज्ञानें १९३९ सालीं दाखविलें. आणि तांब्यापुढें पहिला बळी बहुधा याच जातीचा पडतो. मोरचुदाचें ताजें पाणी खाचरांत सोडणें म्हणजे फुकटचें खत आपल्याच हातांनीं मारणें होय! कोंकणांतील मृदु पाण्यांत हें विष अधिक चढतें. देशावरील क्षारयुक्त जड पाण्यांत त्याचा बराच अंश तळाशीं बसतो, व तेथील गाळांत वर्षानुवर्षें सांचत राहतो. शिवाय सारें शेवाळ एकदम मेलें तर तें कुजतांना पाण्यांतील प्राणवायु संपून मासे गुदमरतात. आमच्या मतें तंतुमय शेवाळ आधीं दांताळ्यानें ओढून काढावें. मोरचूद घालणेंच भाग पडल्यास तळ्याच्या एक-तृतीयांश भागांतच घालावा, पुढील भागास हात लावण्यापूर्वीं दोन आठवडे थांबावें, आणि तोंवर खाचराची मोरी बंद ठेवावी.